बाईच्या वेळेवर बेतलेला मोर्चा: गरिबीविरुद्ध महिलांची मोहीम कशी उभी करावी

गरिबीविरुद्धच्या मोर्चाचं संयोजन मी पहिल्यांदा केलं, तेव्हा आम्ही सकाळी अकराची वेळ दिली होती. शे-दीडशे बायका वेळेवर आल्या. आतून निरोप आला, साहेब बैठकीत आहेत, थांबा. थांबलो. साडेतीनच्या सुमारास गर्दी हलायला लागली. कुणाची मुलं शाळेतून सुटणार होती, कुणाला दुसऱ्या कामावर पोचायचं होतं, कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस एकटं होतं. चार वाजता शिष्टमंडळाला बोलावणं आलं, तेव्हा फाटकाबाहेर जेमतेम पंधरा जणी उरल्या होत्या. खिडकीतून आम्हाला ते दिसत होतं, आणि टेबलापलीकडच्या माणसालाही. तोंडी आश्वासन घेऊन आम्ही बाहेर आलो. निघून गेलेल्या बायकांच्या तळमळीत काहीही कमी नव्हतं, आमचं वेळापत्रक चुकलं होतं.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१८ साली घरकाम आणि संगोपनाच्या बिनपगारी श्रमाचा जगभरचा हिशोब मांडला. बाई दिवसाला सरासरी ४ तास २५ मिनिटं हे काम करते, पुरुष १ तास २३ मिनिटं. कमाईचं काम त्यावर वेगळं. गरीब घरात हा भार आणखी वाढतो, कारण जे विकत घेता येत नाही ते बाईला अंगमेहनतीने भरून काढावं लागतं. म्हणून अशा मोहिमेचं खरं भांडवल पैसा नसून बायकांचा वेळ आहे, आणि तोच सगळ्यात तुटपुंजा आहे. पुढे जे लिहिलंय ते याच एका गोष्टीभोवती आहे.

पहिलं काम: ऐकण्याची फेरी

पत्रक छापण्याआधी, नाव ठरवण्याआधी, तीन-चार आठवडे नुसतं ऐकायला द्या. दोघी-दोघींनी घरोघर जायचं. एकीने बोलायचं, दुसरीने लिहायचं. छापील प्रश्नावली नेऊ नका. तिच्यामुळे समोरची बाई सावध होते, आणि तुम्ही काहीतरी वाटायला आला आहात असंही तिला वाटतं. ती काम करत असेल तर तिला थांबवू नका, हाताला हात लावा आणि बोलत राहा. कपडे पिळताना जे ऐकायला मिळतं ते खुर्चीवर समोरासमोर बसून मिळत नाही.

प्रश्न तीनच पुरतात. महिन्यात पैसा नेमका कुठे अडतो? शेवटचं कर्ज कशासाठी काढलं? एखाद्या कागदासाठी किती खेपा घातल्या? तिसऱ्या प्रश्नावर बायका सगळ्यात जास्त बोलतात, असा माझा अनुभव आहे. उपाशी झोपल्याचं सांगायला माणूस लाजतो, पण एका दाखल्यासाठी पाच वेळा परत पाठवलं, याचा राग लगेच ओठावर येतो. आणि त्या रागातूनच मागणी सापडते.

तिचं बोलणं तिच्याच शब्दांत लिहा आणि निघण्यापूर्वी तिला वाचून दाखवा. फोटो काढू नका. कर्ज, मारहाण, आजार यांबद्दल ती जे सांगेल त्याला नाव-पत्ता जोडू नका. ती वही एकाच विश्वासू बाईच्या ताब्यात राहू द्या. साठ-सत्तर घरं झाली की तीच तीच उत्तरं परत यायला लागतात, तेव्हा फेरी थांबवायला हरकत नाही.

फेरीच्या शेवटी एक बैठक घ्या आणि तिच्यात दिवसाचा तक्ता काढा. मोठ्या कागदावर चोवीस रकाने आखायचे, प्रत्येकीने आपापल्या कामाच्या वेळेवर खूण करायची. आम्ही हे केलं तेव्हा कागद कडेपर्यंत काळा झाला. दुपारी दोन ते साडेतीन आणि रात्री नऊनंतर, एवढ्याच दोन फटी उरल्या. एका वयस्क बाईने त्या दुपारच्या फटीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ही माझी पाठ टेकायची वेळ आहे, पण ही मी देते." तो कागद पुढचं वर्षभर आमच्याजवळ होता. कुठलीही तारीख ठरवायची झाली की आधी तो उलगडायचा. तुमच्या तक्त्यात फटी वेगळ्या वेळी निघतील, पण तक्ता काढल्याशिवाय एकही वेळ जाहीर करू नका.

गरिबीतून मागणी वेगळी काढणं

"गरिबी हटवा" ही घोषणा म्हणून ठीक आहे, पण तिला कुणी उत्तर देऊ शकत नाही, त्यामुळे कुणाला उत्तर द्यावंही लागत नाही. मागणी अशी हवी की ती मान्य करण्याचा अधिकार एका ठरावीक माणसाकडे किंवा कार्यालयाकडे असेल, तिच्यात आकडा असेल, तारीख असेल, आणि ती मान्य झाली की नाही हे कुठल्याही बाईला स्वतःच्या घरात तपासता येईल.

मागण्या साधारण तीन प्रकारच्या निघतात. काही गोष्टी कायद्याने आधीच मिळायला हव्यात, पण मिळत नाहीत. काहींसाठी एखादा नियम बदलावा लागतो. आणि काहींसाठी कायदाच हवा, किंवा अंदाजपत्रकात तरतूद हवी. नव्या गटाने पहिल्या प्रकारापासून सुरुवात करावी, हे मी ठामपणे सांगेन. त्यात तुमच्या बाजूने नियमच बोलतो, यश लवकर दिसतं आणि बायकांचा आपल्या ताकदीवर विश्वास बसतो.

अमेरिकेत १९६० च्या दशकात सरकारी मदतीवर जगणाऱ्या गरीब आयांनी हेच केलं. १९६३ साली लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात जॉनी टिलमन यांनी अशा आयांची संघटना उभी केली, आणि पुढे त्या राष्ट्रीय कल्याण हक्क संघटनेच्या प्रमुख नेत्या झाल्या. या बायकांनी मदत खात्याचे नियम मिळवले आणि बारकाईने वाचले. मुलांच्या कपड्यांसाठी, घरातल्या आवश्यक सामानासाठी वेगळी मदत मिळण्याची तरतूद त्यात होती, पण ती कुणी आपणहून सांगत नव्हतं. मग शेकडो जणींनी एकत्र जाऊन एकाच वेळी अर्ज भरले. मागायला गेलेल्या बायका आणि हक्क वसूल करायला गेलेल्या बायका यांच्या चालण्यात काय फरक असतो, ते अशा दिवशी दिसतं.

म्हणून तुमच्यातल्या एकीने, शक्य तर शाळा शिकलेल्या मुलीने, संबंधित योजनेचा मूळ आदेश मिळवून बैठकीत मोठ्याने वाचावा. एक एक ओळ, सावकाश. "पात्र", "मुदत", "अपील" अशा शब्दांपाशी थांबून त्यांचा अर्थ बोलून घ्यावा. यात दोन-तीन बैठका जातात, त्या जाऊ द्या.

मागणी कुणाकडे करायची हेही सोपं नसतं. १९७२ साली अहमदाबादेत इला भट यांनी ‘सेवा’ ही असंघटित कष्टकरी बायकांची संघटना कामगार संघटना म्हणून नोंदवायला घेतली, तेव्हा कामगार खात्याने अडचण काढली की या बायकांना मालकच नाही, मग त्या लढणार कुणाविरुद्ध? सेवाचं म्हणणं असं की संघटना मुळात बायकांच्या एकजुटीसाठी असते, तिला समोर मालक असलाच पाहिजे असं नाही. नोंदणी झाली. तुमच्याही गटात घरी बसून काम करणाऱ्या, चार घरची कामं करणाऱ्या, फेरीवर माल विकणाऱ्या बायका असतील. त्यांची अडचण एका मालकापाशी संपत नाही. तेव्हा कागदावर साखळी काढा: काम कोण देतं, दर कोण ठरवतं, परवाना कोण देतं, तक्रार कोण ऐकतं. या साखळीत ज्याच्या एका सहीने काहीतरी हलेल, मागणीपत्रावर त्याचं नाव घाला.

शेवटची निवड मतदानाने करा, पण हात वर करून नको. हात वर करताना बायका आधी कुणाचा वर गेलाय ते बघतात. प्रत्येकीला तीन खडे द्या, मागण्यांची चित्रं काढलेले कागद जमिनीवर पसरा, आणि ज्या घरांना ती झळ सगळ्यात जास्त बसते त्यांना आधी खडे टाकू द्या. ज्या तीन-चार मागण्यांवर ढीग साठेल त्या घ्या, बाकीच्या वहीत जपून ठेवा. आणखी एक कसोटी लावा. या मागणीमुळे आपल्यातल्याच एका गटाच्या पदरचं काढून दुसऱ्याला द्यावं लागणार आहे का? तसं असेल तर ती कितीही न्याय्य वाटली तरी पुन्हा बसून बोला, कारण समोरचा माणूस पहिला घाव तिथेच घालणार.

माणसं जोडणं आणि कामं वाटणं

नऊ ते बारा जणींचा गाभा पुरे. प्रत्येकीकडे दहा-पंधरा घरं. या घरांना निरोप पोचवणं आणि त्यांचं म्हणणं बैठकीत आणणं, हे तिचं काम. प्रत्येक कामाला दोघी नेमा. गरीब घरात कुणाचं मूल कधी तापेल सांगता येत नाही, आणि एकीच्या गैरहजेरीने काम अडलं तर तिला अपराधी वाटतं. मग ती हळूहळू यायचंच बंद करते. जोडी असली की ही वेळ येत नाही.

गाभ्यात कोण नाही ते आधी तपासा. एकट्या राहणाऱ्या, अपंग, परगावहून नुकत्या आलेल्या, दुसरी भाषा बोलणाऱ्या, ज्यांच्या कामाला लोक हलकं समजतात अशा बायका सहसा सुटतात. त्यांना "बोलावलं होतं, आल्या नाहीत" हे उत्तर चालणार नाही. बैठक त्यांच्या दारात घ्या.

पुरुषांना दूर ठेवायची गरज नाही, पण त्यांचं काम आधी ठरवून द्या. बैठकीच्या वेळी मुलं सांभाळणं, त्या दिवशी घरचं बघणं, सामान वाहून नेणं. माईक मात्र बायकांच्याच हातात. राजकीय पक्षांबाबतही नियम पहिल्याच बैठकीत करा: कुणीही कुठल्याही पक्षाची असू शकते, पण पक्षाचा झेंडा आणि पक्षाचा वक्ता इथे नको. हा नियम वाद झाल्यावर केला तर तो कुणा एका बाईविरुद्ध केल्यासारखा दिसतो.

पैसा

थोडक्यात सांगते. वर्गणी लहान ठेवा, पण प्रत्येकीकडून घ्या आणि प्रत्येकीला पावती द्या. पैसे दोघींच्या सहीशिवाय निघता कामा नयेत. हिशोब प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला मोठ्याने वाचायचा, शेवटी नाही, कारण शेवटी निम्म्या उठलेल्या असतात. ज्यांच्याकडे मागणी आहे त्यांच्याकडून एक पैसाही घेऊ नका. खर्चात छपाईच्या आधी प्रवासभाडं आणि बुडालेली मजुरी धरा. रोजंदारीवरची बाई मोर्चाला येते तेव्हा ती दिवसाची कमाई सोडून येते. ती भरून देता येत नसेल तर निदान तिला एकाच दिवसासाठी बोलवा, तीन-तीन वेळा नको.

मोर्चाच का?

बहुतेक गट थेट मोर्चा ठरवतात. मोर्चा हे महागडं साधन आहे, त्यात बायकांचा सगळ्यात जास्त वेळ जातो. आधी कमी वेळ खाणारी साधनं वापरून बघावीत, आणि मोर्चाची वेळ आलीच तर मागे भक्कम कागद असावा.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराचं १९१५ सालचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. पहिल्या महायुद्धाचा काळ, कारखान्यांत कामासाठी लोंढे आलेले, आणि घरमालकांनी भाडी वाढवली. मेरी बार्बर आणि त्यांच्या सोबतिणींनी वाढीव भाडं न देण्याची मोहीम उभी केली. घर खाली करायला माणसं येण्याची भीती सतत होती, पण दिवसभर पहारा द्यायला वेळ कुणाकडे होता? मग एकच बाई घंटा घेऊन जिन्यापाशी बसायची. बाकीच्या आपापल्या घरात काम करत. घंटा वाजली की हातातलं काम टाकून सगळ्या धावत येत आणि आलेल्या माणसांवर पीठ फेकून त्यांना परतवून लावत. नोव्हेंबरपर्यंत हजारो घरं या लढ्यात आली. १७ नोव्हेंबरला भाडेकरूंना कोर्टात उभं केलं तेव्हा बाहेर प्रचंड जमाव लोटला. डिसेंबर १९१५ मध्ये ब्रिटिश सरकारला भाडी गोठवणारा कायदा करावा लागला. या सगळ्या मागे घरकामाच्या मधोमध बसवलेला तो घंटेचा पहारा होता.

आपल्याकडे १९७२-७३ च्या दुष्काळात आणि महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी यांनी वेगवेगळ्या पक्षांतून एकत्र येऊन महागाईविरुद्ध मुंबईच्या बायकांची आघाडी उभी केली. लाटणं हातात घेऊन हजारो बायका रस्त्यावर आल्या, ते सगळ्यांना आठवतं. पण ज्यांना उंबरा ओलांडता येत नव्हता त्यांनी घरातूनच थाळ्या वाजवल्या, हे मला तितकंच मोलाचं वाटतं. पाच मिनिटांची कृती, कुणाची परवानगी लागत नाही, मुलाला कडेवर घेऊनही करता येते, आणि तो आवाज ऐकून शेजारणीला कळतं की आपण एकट्या नाही.

आणखी एक साधन म्हणजे जनसुनावणी. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये पहिली जनसुनावणी घेतली. मजुरीचे हजेरीपट, बिलं, कामांच्या नोंदी लोकांसमोर वाचून दाखवल्या. कागदावर जे लिहिलंय ते खरं की खोटं, हे तिथे बसलेल्या बाया-माणसांनीच सांगितलं. कुणाच्या नावावर मजुरी निघाली होती पण ती मिळाली नव्हती, कुठलं काम फक्त कागदावर होतं. या कामातून माहितीच्या अधिकाराची मागणी मोठी झाली आणि २००५ साली देशभरासाठी कायदा आला. तुमच्या फेरीतली वही आणि सरकारी नोंद शेजारी शेजारी ठेवून वाचता आली, तर एका दुपारच्या दोन तासांत जे साधतं ते चार मोर्चांनी साधणार नाही.

नावाचाही विचार करा. २४ ऑक्टोबर १९७५ रोजी आइसलंडमधल्या जवळजवळ ९० टक्के बायकांनी नोकरी आणि घरकाम दोन्ही थांबवलं. त्यांनी त्याला संप म्हटलं नाही, बायकांच्या सुट्टीचा दिवस म्हटलं. संप या शब्दाला बिचकणाऱ्या अनेक जणी त्यामुळे आल्या. तुमच्या वस्तीत "आंदोलन" शब्दाने सासरची माणसं बिथरत असतील, तर "सभा" म्हणा, "हिशोबाचा दिवस" म्हणा.

तारखेबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. ८ मार्च आणि १७ ऑक्टोबर हे दिवस सगळ्यांना खुणावतात. १७ ऑक्टोबरला गरिबी निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय दिवस असतो. १९८७ साली याच दिवशी पॅरिसच्या त्रोकादेरो चौकात त्याची सुरुवात झाली आणि १९९२ साली संयुक्त राष्ट्रांनी तो मान्य केला. जनजागरणाला हे दिवस उत्तम. पण मागणी वसूल करायची असेल तर ज्या दिवशी निर्णय होतो तो दिवस धरा: अंदाजपत्रक ठरण्याआधीचे आठवडे, समितीची बैठक, योजनेच्या यादीची शेवटची तारीख. प्रतीकाच्या दिवशी सगळे गोड बोलतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात.

परवानगी, पोलीस आणि सुरक्षितता

जमावाची पूर्वसूचना किंवा परवानगी तुमच्याकडच्या कायद्याप्रमाणे लेखी घ्या. अर्जात तारीख, वेळ, मार्ग, अंदाजे संख्या आणि दोन जबाबदार व्यक्तींची नावं. प्रत्येक कागदाची दुसरी प्रत न्या आणि तिच्यावर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तरी पोच घेतल्याशिवाय जागा सोडू नका.

अटक किंवा चौकशी कुणाला परवडणार नाही याची यादी गाभ्यातल्या दोघींनी गुपचूप करावी: अंगावर पिणारं मूल असलेल्या, कागदपत्रं अपुरी असलेल्या, तात्पुरत्या नोकरीवरच्या, आधीचा खटला चालू असलेल्या. त्यांना मागच्या कामांत घ्या आणि कारण कुणाला सांगत बसू नका. वकिलाचा नंबर कागदावर नको, तो मनगटावर पेनाने लिहा. कागद हरवतो आणि फोन काढून घेतला जातो.

जमावात कुणी दगड उचलला, धक्काबुक्की सुरू झाली, तर एकच ठरलेली गोष्ट करायची: शिट्टी वाजली की सगळ्यांनी जिथे आहोत तिथे खाली बसायचं. याचा सराव आधी दोनदा करा. बसलेल्या जमावात उभा राहिलेला माणूस लगेच ओळखू येतो आणि चेंगराचेंगरीही टळते. हे मी हलक्याने लिहीत नाही. १९२९ साली नायजेरियाच्या आग्नेय भागात बायकांवर कर बसणार या शंकेवरून हजारो बायका उठल्या, आणि वसाहतवादी सैन्य-पोलिसांच्या गोळीबारात पन्नासहून अधिक बायका मारल्या गेल्या. हाती काहीही नसलेल्या बायकांवरही गोळी चालते. त्यांना परत घरी पोचवणं ही संयोजिकांची पहिली जबाबदारी आहे.

दिवस संपल्यावर सूड घरात किंवा कामावर निघतो. मालकाने कामावरून काढलं, सावकाराने तगादा लावला, नवऱ्याने हात उचलला. म्हणून पुढच्या तीन दिवसांत गाभ्यातल्या प्रत्येकीने आपल्या वाट्याच्या सगळ्या घरांत एकदा जाऊन यायचं. कारण विचारायचं नाही, नुसतं डोकवायचं.

प्रत्यक्ष दिवस

एकूण अडीच तासांच्या आत बसवा, जमल्यापासून पांगेपर्यंत. जागा निवडताना सावली, पिण्याचं पाणी आणि संडास या तीन गोष्टी आधी पाहा. बायकांच्या मोर्चात संडास नसेल तर बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि दुपारी भोवळ येऊन पडतात. मुलांसाठी एक कोपरा आणि तिथे ठरलेली दोन माणसं. म्हाताऱ्या बायकांना बसायला काहीतरी.

भाषणं तीन-तीन मिनिटांची, आणि बोलणाऱ्या फक्त झळ सोसलेल्या बायका. पाहुण्या पुढाऱ्याला व्यासपीठावर बसवलं की अर्धा तास गेलाच. फलकावर मागणी मोठ्या अक्षरात, आकडा आणि तारखेसह, म्हणजे दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला तरी मागणी वाचता येते. भोंग्याच्या जास्तीच्या बॅटऱ्या ठेवा. पत्रकारांसाठी एका पानाची टिपणी आणि बोलायला दोघी नेमलेल्या. ज्यांना फोटोत यायचं नाही त्यांनी एका बाजूला बसावं आणि स्वयंसेविकांनी तिकडे कॅमेरा जाऊ देऊ नये.

आणि माझ्या पहिल्या मोर्चाची चूक टाळायची असेल तर पाळ्या लावा. पहिली तुकडी पहिल्या तासासाठी, दुसरी दुसऱ्या तासासाठी, आणि एक लहान तुकडी शेवटपर्यंत थांबू शकणाऱ्यांची. भेटीची वेळ लेखी घेऊन ठेवा. दिलेल्या वेळेनंतर अर्धा तास थांबवलं तर "आम्ही अमुक वाजता हजर होतो" असं पत्र आवक खिडकीवर द्यायचं, पोच घ्यायची आणि पुढची तारीख मागायची. ताटकळत ठेवणं हे समोरच्याचं जुनं हत्यार आहे, आणि ते बाईच्या वेळेवरच नेम धरून चालवलेलं असतं.

टेबलासमोर

शिष्टमंडळात पाच जणी. दोघी बोलणाऱ्या, एक कागद देणारी, एक सगळं लिहून घेणारी, आणि एक अशी जी काहीच करत नाही, फक्त बघते. ती पाचवी फार उपयोगी पडते. कोण कुणाकडे बघून बोललं, कुठल्या प्रश्नाला उत्तर टाळलं, हे तिलाच दिसतं.

आदल्या आठवड्यात तालीम घ्या. आमच्या तालमीत एका धुणीभांडी करणाऱ्या बाईला आम्ही साहेब केलं. तिने खुर्ची मागे सरकवली, फोन कानाला लावला, आणि समोर उभ्या असलेल्यांना दोन मिनिटं नुसतं उभं ठेवलं. मग वर न बघता म्हणाली, "अर्ज आणलाय का?" खोलीत शांतता झाली, कारण प्रत्येकीने ते कधी ना कधी अनुभवलं होतं. ज्या बाईला बोलायचं होतं तिची बोटं पदराशी चाळा करायला लागली, वाक्य अर्धवट राहिलं. पुन्हा केलं. चौथ्या वेळी तिने सांगितलं, "साहेब, तुमचा फोन होऊ दे, आम्ही बसून घेतो," आणि ती खुर्ची ओढून बसली. प्रत्यक्ष दिवशी तिने शब्दन् शब्द तेच केलं.

काही ठरलेल्या चाली येतील, त्यांची उत्तरं पाठ ठेवा. "हे माझ्या अधिकारात नाही" म्हटलं, तर कुणाच्या अधिकारात आहे ते लिहून मागा. "तुम्ही शिकलेल्या दिसता, तुम्हीच थांबा, बाकीच्यांना पाठवा" म्हटलं, तर सगळ्या थांबतात किंवा सगळ्या निघतात. "सहानुभूतीने विचार करू" म्हटलं, तर विचार कुठल्या तारखेपर्यंत, ते विचारा. आतमध्ये कुठलीही तडजोड मान्य करू नका. बाहेर या, जमलेल्यांना सांगा, त्यांचं मत घ्या, मग पुन्हा आत जा. यात वीस मिनिटं जातात, पण नंतर "तुम्ही आम्हाला विकलं" असं कुणी म्हणत नाही.

मोर्चानंतरचे महिने

इथे बहुतेक मोहिमा विरघळतात. कॅनडातल्या क्वीबेक प्रांतातल्या बायकांचं उदाहरण समोर ठेवण्यासारखं आहे. २६ मे १९९५ रोजी सुमारे ८५० बायका गरिबीविरुद्ध तीन तुकड्यांत निघाल्या आणि दहा दिवस, साधारण २०० किलोमीटर चालून ४ जूनला क्वीबेक शहरात पोचल्या. फ्रान्स्वाज दाविद यांच्या नेतृत्वाखालच्या महिला महासंघाने हा ‘पाव आणि गुलाब’ मोर्चा उभा केला होता. नऊ मागण्या होत्या, आणि शेवटच्या दिवशी स्वागताला सुमारे १५,००० लोक जमले. हाती काय आलं? किमान वेतन वाढलं, पण मागितलं त्यापेक्षा खूपच कमी. पोटगी थेट वसूल करून देण्याची व्यवस्था आली, आणि १९९६ मध्ये समान मोलाच्या कामाला समान वेतनाचा कायदा झाला. जे मिळालं नाही त्याची यादी घेऊन त्या पुढे चालत राहिल्या, आणि त्यातूनच २००० साली ८ मार्च ते १७ ऑक्टोबर अशी गरिबी आणि हिंसेविरुद्धची जागतिक महिला पदयात्रा उभी राहिली.

तुम्हीही दुसऱ्याच दिवशी एक तक्ता भिंतीवर लावा. त्यात चार रकाने: काय कबूल केलं, कुणी, कुठल्या तारखेपर्यंत, आणि आपल्यातल्या कुठल्या दोघी विचारायला जाणार. तारीख उलटली की तिसऱ्या दिवशी त्या दोघी कार्यालयात. उत्तर मिळो न मिळो, पोच घेऊन यायची आणि तक्त्याशेजारी डकवायची. शिक्क्यांची ती रांग पुढे वृत्तपत्रालाही दाखवता येते आणि कोर्टालाही.

काहीतरी मिळालं की ते सगळ्यात आधी कुणाला मिळणार यावरून कुरबुर होते. क्रम आधीच्याच बैठकीत खड्यांनी ठरवून ठेवा आणि गाभ्यातल्या बायकांची नावं यादीत शेवटी घाला.

दमलेल्या बाईला सुट्टी द्या, नाव न कापता. दोन महिने ती आली नाही तरी निरोप जात राहू दे. आणि दिवसाचा तक्ता दर चार-सहा महिन्यांनी नव्याने काढा. शाळांच्या वेळा बदलतात, हंगाम बदलतो, कुणाचं काम सुटतं, कुणाच्या घरी बाळ येतं. आमच्या दुसऱ्या तक्त्यात दुपारची ती फट नाहीशी झाली होती. नवी निघाली ती पहाटे पाच वाजता, कामाच्या गाडीची वाट बघताना. तेव्हापासून आमची बैठक थांब्यावरच उभ्या उभ्या होते, गाडी येईपर्यंत, साधारण पंचवीस मिनिटं. हिशोब आधी, मग तक्ता, मग पुढच्या दोघींची नावं.